पानगळीतले बूट: घेतलेले, चावलेले, परत केलेले

घोटाळी (धागाकर्ती)

कपाट उघडलं. बुटांचे सहा जोड आहेत, घालण्याजोगा एक. दोन चावतात, एक ओल्यात बाहेर न्यायची सोय नाही, एकाची चेन पोटरीपाशी येऊन संप करते, आणि सहावा मी का घेतला होता ते काही केल्या आठवत नाही. सँडल आत टाकायची वेळ झाली. सकाळी पाय गार पडतात, वाटेवर पानांचा लगदा होतोय, आणि जिकडे बघावं तिकडे स्वेडचे (लवदार चामड्याचे) बिनलेसचे लोफर, वाइनच्या रंगाचं काहीतरी, नाचाच्या बुटांसारख्या सपाट बॅलेरिना आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. गेली दोन-तीन वर्षं हेच चाललंय, तरी दर खेपेला मला ते नवीन वाटतं.

म्हणून हा धागा. पानगळीच्या मोसमासाठी घेतलेल्या बुटांचे अनुभव लिहा. कौतुक जरूर करा, पण फसगत आधी.

माझ्यापासून सुरुवात. मी जन्माची ३८ नंबरवाली. मागच्या वर्षी घोट्यापर्यंतचे, पुढे निमुळते बूट घरबसल्या मागवले, ३८ चेच. पाय आत गेला, पण करंगळी तिच्या शेजारणीच्या अंगावर चढून बसली. परत पाठवले, ३९ मागवले. आता बोटं खूश, पण दर पावलाला टाच बाहेर यायला बघते. तेही परत. तिसऱ्या खेपेला पुन्हा ३८ मागवले आणि 'चामडं आहे, सैल होईल' म्हणून ठेवून घेतले. वर सांगितलेल्या चावऱ्या दोघांतला एक तो हाच.

रेघोट्या

घोटाळी, ३८ हा तुझ्या पायाचा नंबर नाहीच मुळी. तो ज्या साच्यावर बूट शिवतात त्या साच्याचा आहे. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे ३८ चा साचा साधारण २५.३ सेंमी. त्यात बोटांपुढची मोकळी जागा धरलेली असते. ती किती धरायची, हे बनवणारा ठरवतो, आणि टोकदार बुटाला जास्त लागते. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, सुमारे साडेआठ मिलिमीटर. आता साडेआठच्या पायऱ्या आणि पावणेसातच्या पायऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघ, दोन्ही जिने एका पातळीला येतच नाहीत. म्हणून एकाचा ५ म्हणजे ३८ असतो आणि दुसऱ्याचा ५ म्हणजे साडेसदतीस.

मी आता नंबर सांगतच नाही, मिलिमीटर सांगते. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय जरा फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं. बसून नाही, बसल्यावर पाय आखूड भरतो. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायची. दोन्ही पायांची. पहिल्यांदा केलं तेव्हा डावा २३९ आणि उजवा २४४ निघाला. चाळिशी उलटेपर्यंत मला पत्ता नव्हता की माझा उजवा पाय थोरला आहे. एवढी वर्षं उजवाच का कुरकुरतो, म्हणून मी मोजे बदलत होते!

निळीशाई

फसगत आधी म्हणालीस ना? मग घे.

माझ्याकडे काळे, जाड तळाचे, आत लोकर असलेले बूट होते. इतके लाडके की दोन मोसम घातले आणि 'खास थंडीसाठी' म्हणून पुसून, आत कागद कोंबून, मूळ खोक्यात ठेवून दिले. मग मधली काही वर्षं दुसरेच वापरत राहिले. गेल्या पानगळीत एकदम आठवण झाली. खोकं उघडलं, बूट नव्यासारखे चकचकीत. घातले, निघाले. ऑफिसच्या इमारतीपर्यंत काही वाटलं नाही. लिफ्टमधून बाहेर आले तर मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या पिशवीतून काहीतरी सांडतंय."

पिशवीतून नव्हतं. मागे वळून बघितलं तर लिफ्टपासून माझ्यापर्यंत काळ्या चुऱ्याची रांग. ओल्या केकसारखे तुकडे. डाव्या बुटाची टाच अर्धी गायब, आणि उजव्याचा तळ पुढून जबडा उघडावा तसा लोंबत होता. त्या दिवशी दहा वाजता मीटिंग होती. मी ती टेबलाखाली नुसत्या मोज्यांवर केली आणि सगळे बाहेर पडेपर्यंत काहीतरी लिहीत असल्यासारखी बसून राहिले.

बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले तर त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं आणि उरलेला तळही त्यांच्या हातात आला. ते म्हणाले, हा पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक. हवेतला ओलावा तो आतून फोडतो, घाला नाहीतर ठेवून द्या. खोक्यात जपून ठेवल्याने तो वाचत नाही. रबराचा तळ कडक होईल, चिरेल, पण असा विरघळणार नाही. वरचं चामडं शाबूत होतं म्हणून त्यांनी रबरी तळ बसवून दिला. तेच घालून आत्ता हे लिहितेय. जपून ठेवायचं खूळ मात्र गेलं ते गेलंच.

अनवाणी

निळीशाई, टेबलाखाली मोज्यांवर मीटिंग! :D

माझं थोडक्यात. बाळंतपणानंतर पायाची सूज उतरली, पाय काही उतरला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, त्यात वाढलेलं वजन, पायाची कमान बसते आणि तळवा पसरतो. काहींचा परत येतो, माझा नाही आला. अर्धा नंबर कायमचा वाढला. नऊ जोड वाटून टाकले. सगळे बहिणीला, तिलाच मजा. पहिल्या पानगळीत मी नवऱ्याच्या जुन्या स्निकर्समध्ये फिरले आणि खरं सांगते, इतके सुखाचे दिवस पायांनी बघितले नव्हते. त्यानंतर पुढून निमुळता बूट मी हातातसुद्धा घेत नाही.

गुपचूप_वाचक

पुरुष आयडी आहे, चालेल का?

बायकोला गुडघ्यापर्यंतचे बूट हवे होते. सरप्राइज द्यायचं ठरवलं. तिच्या जुन्या बुटाच्या तळाशी आकडा वाचला, तोच नंबर घेतला, स्वतःवर खूश झालो. तिने घातले. पाय बरोबर बसला. चेन घोट्यापासून निघाली, पोटरीच्या निम्म्यावर पोचली आणि थांबली. मी खाली बसून ओढतोय, ती भिंतीला धरून उभी, आणि मी बोलू नये ते बोललो: "जरा श्वास आत घे." पोटरीला श्वास नसतो, हे मला त्या संध्याकाळी समजावून सांगण्यात आलं.

मग टेप घेऊन मोजलं. खुर्चीत बसून, गुडघा काटकोनात, पोटरीच्या सगळ्यात रुंद जागी: ४१ सेंमी. बुटाचा घेर ३६. वर्णनात खाली बारीक अक्षरात लिहिलेला होता, मी वाचलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला घेर आणि नळीची उंची दोन्ही बघून, मागे इलॅस्टिकची पट्टी असलेले घेतले. आत जीन्स खोचायची असेल तर अजून दोनेक सेंटिमीटर धरा.

रेघोट्या

गुपचूप_वाचक, "जरा श्वास आत घे" आता आमच्या घरात म्हण म्हणून चालणार.

काउंटरपलीकडची

मी बारा वर्षं बायकांच्या बुटांच्या विभागात विक्रीला होते. आता सोडलं, म्हणून मोकळेपणी लिहिते.

पहिलं म्हणजे 'यंदाचं नवीन'. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिसला पानगळ-थंडीचे कपडे-बूट फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवतात. उत्तरेकडच्या देशांत दुकानात माल लागतो तेव्हा बाहेर घामाच्या धारा असतात. म्हणजे पानं गळायला लागल्यावर तुम्ही खरेदीला येता तेव्हा आमच्या हिशेबात मोसम निम्मा संपलेला. आणि प्रत्येक डिझाइनचे मधल्या नंबरांचे जोड जास्त मागवतात, कडेच्या नंबरांचे एक-दोनच. ३६ किंवा ४१ वाल्यांनी सेलची वाट बघितली की हात हलवत परत. उलट ३८-३९ वाल्यांनी खुशाल थांबावं.

दुसरं, यातलं जवळपास काहीच नवीन नसतं. लोफर हवाय? अमेरिकेत जी. एच. बास कंपनीने 'वीजन्स' काढले ते १९३६ साली, नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या बुटांवरून. त्यावर लगामाच्या कडीसारखी पट्टी आली १९५३ मध्ये, गुच्चीची. बॅलेरिना रोझ रेपेटोने १९५६ मध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी शिवली. पुढे काळं टोक आणि बाकी बेज रंगाचे, मागे नुसता पट्टा असलेले बूट शानेलचे, १९५७ चे. त्यातली अक्कल मला फार आवडते: बेजमुळे पाय लांब दिसतो आणि काळ्या टोकामुळे पाऊल लहान. शिवाय टोक मळलं तरी कळत नाही. आणि तो डॉक्टर मार्टेन्सचा आठ भोकांचा लेसवाला जाड बूट, त्याच्या नावातला १४६० म्हणजे तारीख आहे, १ एप्रिल १९६०. मुली येऊन सांगायच्या, "काहीतरी एकदम वेगळं दाखवा," आणि मी आजीच्या वयाचं डिझाइन काढून द्यायचे. खूश होऊन जायच्या. मीही.

तिसरं, आमच्याकडे एक पत्र्याचं मापयंत्र होतं, सरकत्या पट्ट्यांचं. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात बनवलेलं. त्यावर लांबी आणि रुंदीबरोबर एक तिसरं माप येतं: टाचेपासून चवड्याच्या फुगीर हाडापर्यंत. हे कुणीच विचारत नाही. दोघींचे पाय सारख्या लांबीचे असतात, पण एकीची बोटं लांब, दुसरीची आखूड. बूट जिथे वाकतो तिथेच तुमचा पाय वाकला पाहिजे. नाहीतर नंबर बरोबर असूनही बूट चावतो आणि दोष टाचेला जातो. घोटाळी, तुझं बहुतेक हेच झालंय. बूट हातात घेऊन वाकवून बघ, घडी कुठे पडते ती.

आणि हो, चामडं सैल होतं ते रुंदीत. लांबीत नाही. हे मी किती जणींना सांगितलं आणि किती जणी तरीही आखूड बूट घेऊन गेल्या, त्याची गणती नाही.

घोटाळी

@काउंटरपलीकडची, आत्ता उठून वाकवून बघितला. घडी माझ्या हाडाच्या बोटभर पुढे पडते. वर्षभर मी टाचेला पट्ट्या चिकटवत होते गं!

कापूसकोंडी

स्वेडबद्दल कुणीच लिहिलं नाही? फिकट तपकिरी स्वेडचे लोफर, पहिलाच दिवस, निघताना आभाळ स्वच्छ. येताना धो-धो. घरी येऊन मी हीटरसमोर ठेवले आणि झोपले. सकाळी हातात घेतले तर पापडासारखे कडक, पुढच्या घडीला बारीक तडा, आणि टोकापासून वर पाण्याची नागमोडी रेघ.

दुसऱ्या जोडाला ही चूक केली नाही. आत कागद कोंबायचा, तो ओला झाला की बदलायचा, बूट साध्या हवेत आडवे ठेवायचे. पूर्ण वाळल्यावर ब्रश, आणि डाग पडला असेल तर शाळेतला पांढरा खोडरबर. खरंच निघतो. ओल्यावर मात्र घासू नका, डाग आत जातो. पाणी झटकणारा स्प्रे पहिल्या दिवसाआधी मारायचा असतो, नंतर नाही, हे बाटलीवर लिहिलेलं होतं आणि बाटली घरात होती.

सावकाश

बॅलेरिना + ओली पानं = मी जमिनीवर. गुळगुळीत तळ होता, माकडहाड आठ दिवस ठणकत होतं. आता तळ उलटा करून बघितल्याशिवाय काही घेत नाही. खोल नक्षी हवी, आणि नखाने दाबल्यावर जरा दबणारं रबर. बॅलेरिना कोरड्या दिवसांना.

अनवाणी

सावकाश, आयडी सार्थ केलास. काळजी घे.

काउंटरपलीकडची

इथे सगळ्यांनी चामड्याचंच लिहिलंय म्हणून एक भर. वरून कोटिंग दिलेलं नकली चामडं सैल होत नाही, पायाचा आकार घेत नाही. पहिल्या दिवशी जसं बसतं तसंच शेवटच्या दिवशी. मग घडीपाशी पापुद्रे निघतात. स्वच्छ ठेवायला सोपं, ओल्यात निर्धास्त, सगळं खरं. फक्त 'वापरून सैल होईल' या आशेवर घेऊ नका.

घोटाळी

दहा दिवसांनी आले. घेतले!

सगळं वाचून, संध्याकाळी, जाड मोजे पिशवीत घेऊन दुकानात गेले. आधी कागदावर मोजलं होतं: डावा २४०, उजवा २४३. लोफरकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते, बघितलं, पण घेतले ते चेल्सी बूट. काळे, रबरी तळ, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. दुकानातल्या मुलीला मी ऐटीत सांगितलं की हे स्पार्क्स-हॉल नावाच्या राणी व्हिक्टोरियाच्या चांभाराने पेटंट घेतलेलं डिझाइन आहे (काल रात्री वाचलं होतं). ती म्हणाली, "हो का? ३८ देऊ?" मी म्हटलं, नंबर राहू दे, तीन जोड काढ. त्यातला साडेअडतीसचा बसला. वाकवून बघितला, घडी हाडावर. ती माझ्याकडे बघत राहिली.

घरी तीन संध्याकाळी गालिच्यावरच चालले, तळाचा स्टिकर न काढता, परत करायची वेळ आली तर तळ कोरा असावा म्हणून. चौथ्या दिवशी स्टिकर सोलला आणि पावसात बाहेर पडले. उजवा पाय गप्प आहे. डाव्याला जरा सैल होतो, म्हणून पातळ इनसोल घातलाय.

वाइनच्या रंगाचे लोफर अजून कार्टमध्ये आहेत. स्वेडचे. कापूसकोंडी, तू काही बोलू नकोस.