शुभार्थी आणि शुभंकर यांनी मानसिक आरोग्याचे तास घ्यावेत का?

धाकटी (धागाकर्ती):
माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे; या मानसिक आजारात इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येऊ शकतात. तो शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेला, आणि अकरा वर्षं मी त्याची शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी, आहे. मागच्या महिन्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर मला वीस मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मी आमची कहाणी सांगितली, दोघी-तिघींचे डोळे भरले, टाळ्या झाल्या. निघताना एका मुलाने दारात गाठून विचारलं, "त्रास परत सुरू होतोय हे घरी आधी कशावरून कळतं?" म्हटलं, दाराखालच्या उजेडावरून. रात्री दोन वाजता त्याच्या दाराखाली उजेडाची रेघ दिसली, तीही लागोपाठ तीन रात्री, की मी सावध होते. डॉक्टरांसमोर तो तेव्हाही नीट बसून बोलतो, त्यामुळे त्यांना काही दिसत नाही.

हा प्रश्न वर्गात यायला हवा होता. पण प्रश्नांसाठी वेळच ठेवला नव्हता.

आम्हाला पाहुणे म्हणून बोलावू नका, शिक्षक म्हणून घ्या. तासाला काय शिकवायचं हे ठरवताना घ्या, तोंडी परीक्षेला बसवा, मानधन द्या. इंग्लंडमध्ये २००३ साली समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली, तेव्हा अभ्यासक्रमात सेवा घेणाऱ्यांचा आणि घरच्यांचा सहभाग बंधनकारक केला होता.

खडू-फळा:
मी मानसोपचार शिकवतो आणि मला हे पटत नाही. एका घरचा अनुभव हा एका घरचा असतो. तुमच्या भावाची झोप उडते, दुसरा कुणी दिवसभर पांघरुणात पडून राहतो. डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात घट्ट बसते आणि पुढचे पेशंट तो त्याच गोष्टीशी ताडून बघतो. शिवाय जुने प्रसंग सांगताना बोलणारा माणूस वर्गातच कोसळला, तर जबाबदारी कुणाची? तिथे तो माझा पेशंट नसतो.

पॅट्रिशिया डीगन यांनी, त्यांना स्वतःला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं, एक प्रशिक्षण तयार केलं: हेडफोनमधून त्रासदायक आवाज ऐकत साधी साधी कामं करायची. अशा प्रकारच्या आभासी अनुभवांवरच्या काही अभ्यासांत सहानुभूती वाढली, पण अशा माणसांपासून लांब राहावंसं वाटणंही वाढलं. हेतू चांगला असून चालत नाही.

धाकटी:
सर, हेडफोन काढला की विद्यार्थ्याजवळ भीतीच उरते. माणूस समोर असेल तर पुढचं विचारता येतं: हे सगळं ऐकू येत असताना तुम्ही दिवस कसा काढता? आणि पाठ्यपुस्तकातली केससुद्धा एकाच माणसाची असते. तिच्यावर असा आक्षेप मी कधी ऐकला नाही.

तिसरा तास:
मी नर्सिंग ट्यूटर. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसतं मत विचारून घेणं हे देखाव्यातच मोडतं, कारण निर्णय दुसरेच घेतात. आमच्याकडचे बहुतेक 'अनुभवकथन' तास त्याच पायरीवर आहेत, हे मान्य करते.

केवल मी:
धाकटीताई, मी शुभार्थी आहे. तुम्ही भावाची कहाणी सांगितलीत, त्याला विचारलं होतंत?

माझी आई एकदा अशाच वर्गात बोलली. खोटं काहीच नव्हतं: मी आंघोळ बंद केली होती, ताट भिरकावलं होतं, गोळ्या घेत नव्हतो. "फार हट्टी आहे," असं ती म्हणाली. मी गोळ्या का टाळत होतो? त्यांनी हात थरथरायचा. बँकेत माझी सही माझ्याच सहीशी जुळली नाही, काउंटरवर तीनदा करून दाखवायला लावली, मागे रांग खोळंबली होती. त्या दिवसापासून मी गोळी गादीखाली ठेवायला लागलो. आईला हे ठाऊक नव्हतं. सगळा वर्ग 'हट्टी' एवढा एक शब्द घेऊन घरी गेला.

म्हणून 'शुभार्थी-शुभंकर' असा जोडशब्द करून एकाच खुर्चीवर दोघांना बसवू नका. नेदरलँड्समध्ये पॅट्सी हागे या स्त्रीने मारियस रोमे या आपल्याच मानसोपचारतज्ज्ञाला सुनावलं होतं: न दिसणाऱ्या देवावर लोक विश्वास ठेवतात, मग मला खरोखर ऐकू येणारे आवाज खरे का नाहीत? १९८७ मध्ये दोघं दूरचित्रवाणीवर आले आणि आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांनी संपर्क साधला. त्यांतले कितीतरी कधीच पेशंट नव्हते. तिच्या वतीने घरचं कुणी बोललं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

खडू-फळा:
सहीची गोष्ट मी दुष्परिणामांच्या तासाला वापरली तर चालेल का?

केवल मी:
वापरू नका, सर. मला बोलवा.

धाकटी:
केवल, विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी विचारलं. वर्गात काय काय सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं, दाराखालच्या उजेडाचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दिवा लावला की आवाज हळू होतात. ते सांगितलंस का?"

अकरा वर्षं मी त्या रेघेला धोक्याची खूण समजत आले. रेघ दिसली की दार ठोठावायचे, दिवा घालवायला लावायचे.

खडू-फळा:
तोंडी परीक्षेत गुण देण्याबद्दल माझा विरोध कायम आहे. पण तास ठरवायच्या बैठकीला शुभार्थी आणि शुभंकर दोघांनीही यावं. वेगवेगळं बोलावेन. बोलून झाल्यावर थांबायला शेजारची खोली आणि सोबतीला एक समुपदेशक ठेवतो.

धाकटी:
भावाला विचारलं. येईन म्हणतो, फक्त बैठक सकाळची नको. रात्रीच्या गोळीमुळे अकरापर्यंत त्याचे डोळे उघडत नाहीत.