मदत हवी आहे: गेमिंगसाठी ‘हलकी’ विंडोज टाकली, आता गेमच उघडत नाही

हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, त्यामुळे आधी हसून घ्या आणि मग मदत करा.

मशीन: रायझन ५ ५६००जी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११ व्यवस्थित चालू होती. तक्रार एकच: गेम मधेच अडखळायचे. काउंटरवर सेकंदाला ४५-५० फ्रेम दिसायच्या, पण मान वळवली की पडदा क्षणभर गोठायचा.

मग एका व्हिडिओत गेमिंगसाठी छाटलेली विंडोज पाहिली. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मदत बाजूला राहील आणि भांडण सुरू होईल. तयार आयएसओ (विंडोज टाकायची अख्खी फाइल) होती, फाइल शेअरिंगच्या लिंकवरून उतरवली. त्यात सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सेक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) दोन्ही बंद केलं.

पहिल्या दिवशी मजा वाटली. टास्क मॅनेजरमध्ये आधी दीडशेच्या वर प्रोसेस असायच्या, आता ६२. नुसतं डेस्कटॉप उघडं ठेवलं तर रॅम ३.४ जीबीवरून १.७ जीबीवर. स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मित्रांसोबत ज्या ऑनलाइन गेमसाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचं अँटिचीट (फसवेगिरी पकडणारा प्रोग्राम) सेक्युअर बूट मागून बंद पडायला लागलं. कंट्रोलर ब्लूटूथला जोडला जात नाही, कारण सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचं पानच रिकामं आहे. स्टोअर नाही, म्हणून गेमिंग सर्व्हिसेस बसत नाही आणि एक्सबॉक्स अ‍ॅप मुकाट बंद होतं. डिफेंडर (विंडोजचं अँटिव्हायरस) नाही, अपडेट नाही. एसएफसी (विंडोजच्या फाइल्स तपासणारी कमांड) चालवलं, काही फाइल्स दुरुस्त करता येत नाहीत म्हणालं. डिझम (विंडोज दुरुस्त करणारी कमांड) चालवलं, तर सोर्स फाइल्सच सापडत नाहीत.

आणि अडखळणं? जसंच्या तसं. सरासरी तीन फ्रेमनी वाढली असेल.

फॉरमॅट न करता हे सुधारता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १ (जुना_खेळाडू)

नाही. डिझमला जिथून सुटे भाग घ्यायचे तो कोठारच छाटणीत रिकामा केलेला असतो, मग दुरुस्ती कशातून करणार? मूळ आयएसओमधून सेटअप चालवून फाइल्स राखून दुरुस्ती करता येते, पण तुमच्या बाबतीत मी तेही करणार नाही. त्या आयएसओत काय काढलंय ते तुम्हाला दिसतंय. काय घातलंय ते दिसत नाही. डिफेंडर बंद असताना त्याच मशीनवर मेल आणि गेमचे पासवर्ड टाकलेत ना? ते आधी फोनवरून बदला. फॉरमॅट नंतर केलंत तरी चालेल.

प्रतिसाद २ (नट_बोल्ट)

पासवर्डच्या बाबतीत +१. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. टायनी११ बिल्डर ही स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टची मूळ आयएसओ घेऊन तुमच्याच मशीनवर छाटणी करते. अ‍ॅटलस आणि रेव्हीओएस प्लेबुक (बदलांची यादी असलेली फाइल) देतात, म्हणजे काय बदलणार ते आधी वाचता येतं. अनोळखी माणसाने शिजवलेली आयएसओ ही वेगळीच गोष्ट. त्यातही टायनी११ कोअर (टायनी११ची आणखी छाटलेली आवृत्ती) रोजच्या वापरासाठी नाही हे बनवणाराच सांगतो, कारण त्यावर नंतर अपडेट बसतच नाहीत. तरी लोक त्यावर गेम खेळायला बसतात.

आता मुद्द्याचं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि स्पीड काय दिसतंय?

धागाकर्ता

पासवर्ड बदलले, दोन टप्प्यांची पडताळणीही लावली. स्लॉट: ४ पैकी १. स्पीड २४००. स्टिकवर तर ३२०० छापलंय!

प्रतिसाद ३ (नट_बोल्ट)

सापडला चोर. ५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्या रॅममधूनच काम भागवते. तुमच्याकडे एकच स्टिक, म्हणजे एकच चॅनल (मेमरीचा रस्ता), आणि तोही पाऊण वेगाने. वर ८ जीबीतला एक वाटा ग्राफिक्ससाठी आधीच राखलेला. प्रोसेस ६२ करा नाहीतर २०, हा रस्ता रुंद होत नाही. झोपलेल्या सर्व्हिसेस फ्रेम खात नसतात.

तशीच दुसरी ८ जीबी स्टिक घ्या. शेजारच्या खाचेत खुपसू नका; कोणती जोडी वापरायची ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (स्टिकवर छापलेला वेग लावणारी सेटिंग) चालू करा. फॉरमॅट करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) आणि मग सेक्युअर बूट. डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) राहिली तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. सक्रियतेची काळजी नको, आधीचा डिजिटल परवाना त्याच मदरबोर्डशी बांधलेला असेल तर आपोआप लागतो.

प्रतिसाद ४ (पेंग्विनप्रेमी)

बॅझाइट (गेमिंगसाठीचं लिनक्स) टाकून बघा की! लिनक्सवर विंडोज गेम चालवणारं व्हॉल्व्हचं प्रोटॉन २०१८पासून आहे, स्टीमवरचे बरेच विंडोज गेम त्यावर चालतात.

प्रतिसाद ५ (जुना_खेळाडू)

एकट्याने खेळायचे गेम चालतील. पण यांचं अँटिचीट सेक्युअर बूटसाठी अडून बसलंय, ते लिनक्सवर दारातच उभं करणार नाही. ज्या गेमसाठी एवढं रामायण झालं, तोच हातचा जाईल.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

मूळ विंडोज ११ परत टाकली, दुसरी स्टिक बसवली, स्पीड आता ३२००. तोच गेम, तोच नकाशा, तीच सेटिंग. सरासरी ४७वरून ६४. एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) आधी १९ होता, तो ४२ झाला, आणि डोळ्यांना कळतो तो हाच आकडा. प्रोसेस परत १५८ आहेत, त्यांच्याकडे बघणं सोडलंय. ब्लूटूथ आलं, अँटिचीट गप्प आहे.

एकच शंका. मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्याचं रक्षण करणारी सोय) बंद करावी का? गेमिंगसाठी ती बंद करता येते असं मायक्रोसॉफ्टनेच म्हटलंय, असं वाचलं.

प्रतिसाद ६ (नट_बोल्ट)

म्हटलंय, पण खेळून झाल्यावर परत चालू करा असंही म्हटलंय. व्हिडिओवाले तेवढंच वाक्य गिळतात. चालू ठेवून आणि बंद करून, तीन-तीनदा मोजा. फरक जाणवला नाही तर चालूच राहू द्या.

धागाकर्ता

मोजलं. दोन फ्रेम. चालू ठेवली. संपादकांनी धाग्याला कुलूप लावलं तरी चालेल.