ईईजीची परीक्षा: हाताला येतं, कागदावर येत नाही

रात्रपाळीवाली

सहा वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतेय. सी ३ (इलेक्ट्रोड लावायच्या ठरलेल्या जागांपैकी एक) कुठे येणार ते डोकं नुसतं चाचपून सांगते. (गर्दीच्या दिवशी टेपने न मोजता इलेक्ट्रोड बसवलेतही, ओरडू नका.) आता टेक्नॉलॉजिस्टच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायचं ठरवलं आणि पहिल्याच सराव पेपरात १०० पैकी ५८.

लहरी ओळखण्यात एकही चूक नाही. स्पिंडल, के कॉम्प्लेक्स, ३ हर्ट्झचे स्पाइक-वेव्ह, विकेट स्पाइक, सगळं बरोबर. मार्क गेले ते मशीन आणि पोलॅरिटीत (निगेटिव्ह-पॉझिटिव्हवरून रेघ वर की खाली). एक प्रश्न होता: सेन्सिटिव्हिटी ७ वरून १० मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर केली तर लहर मोठी दिसेल की लहान? मी लिहिलं मोठी. आकडा वाढला ना! रोज तेच बटण दाबते, लहर लहान होताना डोळ्यांनी बघते, आणि तरी मोठी लिहिलं. दुसरा प्रश्न, मेंदूमृत्यूच्या रेकॉर्डिंगला इंपीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) कमीत कमी किती हवा? मला वाटलं प्रश्नच चुकलाय. इंपीडन्स जितका कमी तितका चांगला, त्याला खालची मर्यादा कशाला?

आठ आठवडे हातात आहेत, ड्यूटी चालूच राहणार. सोबतचे म्हणतात पाठ करून टाक. माझं पाठ केलेलं तिसऱ्या दिवशी उडतं. कुठून धरू?

जुना_चॅनेल

ताई, तुमचा हात तुमच्या डोक्याच्या पुढे गेलाय, एवढंच झालंय. माझंही तेच झालं होतं, पहिल्या वेळी नापास झालो.

सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न शब्दात सोडवू नका, एकक वाचा. एक मिलिमीटर उंचीसाठी किती मायक्रोव्होल्ट लागतात, तो आकडा आहे हा. ७० मायक्रोव्होल्टची लहर ७ वर १० मिलिमीटर दिसते, १० वर ७. एकदा हे स्वतः मांडलंत की तो प्रश्न परत चुकणार नाही.

आता इंपीडन्स. मर्यादा १०० ते १०,००० ओहम अशी दोन्ही बाजूंनी आहे. खालची का, ते तुम्ही हातांनी बघितलंय. घामेजलेलं डोकं, इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट जरा जास्त झाली, दोन इलेक्ट्रोडमधल्या केसांतून पसरली आणि एकमेकांना मिळाली. इंपीडन्स झकास कमी येतो, आपण खूश. पण ते दोन इलेक्ट्रोड आता विजेच्या दृष्टीने एकच झाले, त्यांच्यातला फरक शून्य, चॅनेल (त्या फरकाची रेघ) सपाट. रोजच्या ईईजीत हे चिडचिडीपुरतं असतं. मेंदूत काही उरलंय का हेच बघायचं असताना सपाट रेघ पेस्टमुळे आली, तर काय होईल विचार करा. त्या रेकॉर्डिंगचे बाकीचे नियमही याच काळजीतून येतात. सेन्सिटिव्हिटी २ पर्यंत न्यायची, इलेक्ट्रोडमध्ये किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवायचं, रेकॉर्डिंग किमान ३० मिनिटं करायचं. अगदी बारीकसं काही असेल तर ते निसटू नये, म्हणून. कारण कळलं की आकडे चिकटतात.

पोलॅरिटीसाठी मात्र कागद-पेन्सिल घ्या. नियम एकच: पहिला इनपुट दुसऱ्यापेक्षा जास्त निगेटिव्ह, तर रेघ वर. पहिल्यातून दुसरा वजा करा, उत्तर उणे आलं तर वर, अधिक आलं तर खाली. रोज रात्री चार इलेक्ट्रोडना मनाला येतील ते आकडे द्या आणि शेजारशेजारच्या जोड्यांची साखळी काढा. आजचं घ्या: एफपी १ उणे ३०, एफ ७ उणे ८०, टी ३ उणे ८०, टी ५ उणे ३०. तीन चॅनेल काढून इथे टाका.

पेस्टचे_हात

दादांचं पटतं, पण सगळंच समजुतीने होत नाही, काही घोकावंच लागतं. मी आरशावर चिकटवलं होतं. लो फ्रीक्वेन्सी फिल्टर (संथ लहरी गाळणारा) आणि टाइम कॉन्स्टंट (तीच सेटिंग सेकंदांत) यांचा गुणाकार साधारण ०.१६. म्हणजे १ हर्ट्झला ०.१६ सेकंद, आणि ०.३ सेकंद दिलं तर जवळपास अर्धा हर्ट्झ. या एका ओळीवर माझे तीन प्रश्न सुटले. नव्या नावांत टी ३ ला टी ७ आणि टी ५ ला पी ७ म्हणतात, तेही घोका, पेपरात दोन्ही येतात.

इतिहासात फार रमू नका. बर्गरने माणसाचा ईईजी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, जॅस्परची १०-२० पद्धत (इलेक्ट्रोडच्या जागा टक्क्यांनी ठरवायची) १९५८ ची. पुरे.

आणि टेपशिवाय लावणं बंद करा हो! मोजमापाचं गणित हमखास असतं. नेझिऑन (नाकाचं मूळ) ते इनिऑन (डोक्यामागचा उंचवटा) ३६ सेंटिमीटर असेल तर एफपी झेड ३.६ वर, सी झेड १८ वर. घेर ५४ असेल तर एफपी १ मधल्या रेषेपासून २.७ वर, कारण तिथे ५ टक्के. घाईत सगळे १० टक्के धरतात आणि ५.४ लिहून येतात. आठ आठवडे प्रत्येक पेशंटचे आकडे वहीत लिहा, वेगळा अभ्यास करावा लागणार नाही.

रात्रपाळीवाली

टेपचं मान्य. काल चार पेशंट मोजून लावले, एकाचा सी ३ माझ्या अंदाजापेक्षा एक सेंटिमीटर पुढे निघाला. सहा वर्षांत किती डोक्यांवर असं झालं असेल ते आठवायचं नाही असं ठरवलंय.

जुना_चॅनेल दादा, तुमचं गणित: एफपी १–एफ ७ अधिक ५०, खाली. टी ३–टी ५ उणे ५०, वर. मधलं एफ ७–टी ३ शून्य येतंय. तीनदा केलं. फेज रिव्हर्सल (रेघा एकमेकींच्या उलट दिशेला वळणं) तर दिसतोय, पण मधे सपाट चॅनेल कसं? माझं चुकतंय की तुम्ही आकडे चुकीचे दिलेत?

जुना_चॅनेल

दोन्ही नाही, मुद्दाम दिले होते. एफ ७ आणि टी ३ सारखेच निगेटिव्ह आहेत, म्हणून त्यांच्यात फरक नाही. सपाट चॅनेल बघून तिथे काही नाही असं वाटतं, आणि खरं तर सगळ्यात जास्त जोर तिथेच आहे. पर्यायांत ‘एफ ७–टी ३ मध्ये क्रिया नाही’ असं दिलं की बरेच जण त्यावरच खूण करतात.

रात्रपाळीवाली

थांबा. पेस्ट पसरली तरी हेच चॅनेल असंच सपाट दिसेल ना? मग प्रत्यक्षात ओळखायचं कसं?

जुना_चॅनेल

पुढचं-मागचं पान बघा. पेस्ट असेल तर ते चॅनेल पूर्णवेळ मेल्यासारखं राहील, डोळे मिचकावले तरी. खरी लहर असेल तर स्पाइकच्या त्या क्षणापुरतंच सपाट, बाकी वेळ चालू. तरी शंका आली तर रेफरन्स माँटाजवर (प्रत्येक इलेक्ट्रोड एकाच ठरलेल्या बिंदूशी ताडून) टाका. पेस्ट असेल तर एफ ७ आणि टी ३ च्या रेघा कार्बन कॉपीसारख्या निघतील, प्रत्येक सेकंदाला.

उद्याचे आकडे: एफपी १ अधिक ९०, एफ ३ अधिक ४०, सी ३ अधिक १०, पी ३ शून्य. रेघा काढा आणि हे काय आहे तेही लिहा. तुम्ही रोज दहा वेळा बघता.

रात्रपाळीवाली

तिन्ही खाली, पुढे सगळ्यात खोल, मागे विरत जाणारं. डोळ्याची उघडझाप! पापणी मिटताना बुबुळ वर जातं, कॉर्निया पॉझिटिव्ह, म्हणून एफपी १ पॉझिटिव्ह. हे मला आजवर फक्त दिसत होतं. पुढचे द्या.