एआयचा कोड, माझी मंजुरी: टीम लीडने रिव्ह्यू कसे सांभाळायचे?

प्रश्न

सात जणांची टीम आहे. मी दीड वर्षापासून लीड आहे, त्याआधी नऊ वर्षं कोडच लिहीत होते. पैसे भरणे आणि परतावा ही सर्व्हिस आमच्याकडे आहे.

गेल्या वर्षी सगळ्यांना कोड लिहून देणारा एआय असिस्टंट मिळाला. पूर्वी दिवसाला दोन-तीन पीआर (रिव्ह्यूसाठी, म्हणजे तपासून मंजूर करायला पाठवलेले कोडमधले बदल) यायचे, दोनशे-अडीचशे ओळींचे. आता सात-आठ येतात आणि हजार ओळींच्या आतला क्वचितच असतो. बरं, कोड दिसायला चांगला असतो. नावं नीट, कॉमेंट नीट, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. पूर्वी एखादं विचित्र नाव किंवा अर्धवट सोडलेली कंडिशन दिसली की इथे थांबून वाचायचं, हे डोळ्यांना आपोआप कळायचं. आता डोळा अडकायला जागाच उरलेली नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक काम होतं: पैसे कापणाऱ्या बाहेरच्या सेवेकडून, म्हणजे गेटवेकडून, उत्तर आलं नाही तर रिट्राय (पुन्हा प्रयत्न) करायचा. ११४० ओळींचा पीआर आला. दिवसातला सहावा. मी तो संध्याकाळी मंजूर केला. आमच्या प्रत्येक विनंतीसोबत एक आयडेम्पोटन्सी की जाते. तीच विनंती दोनदा पोचली तरी गेटवे की ओळखतो आणि पैसे एकदाच कापतो. या कोडमध्ये ती की रिट्रायच्या लूपच्या आत तयार होत होती. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी की, आणि गेटवेच्या लेखी प्रत्येक प्रयत्न हा नवा व्यवहार. ३७ ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. टेस्ट चौदा होत्या, पण त्याही असिस्टंटने त्याच कोडवरून लिहिलेल्या. गेटवे मॉक केलेला, म्हणजे त्याच्या जागी ठरावीक उत्तर देणारी नक्कल, आणि त्या मॉकला कोणतीही की चालत होती.

पीआर ज्याचा होता त्याला मी विचारलं, की इथे का बनवली? तो गप्प झाला. टाळत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि मंजुरी देताना मीही हा प्रश्न विचारला नव्हता. ती ओळ तिथे असावी असं कुणीच ठरवलेलं नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही.

एआय बंद करा, हे उत्तर मला नको आहे. जुने रिपोर्ट नव्या लायब्ररीवर न्यायचं दोन आठवड्यांचं काम तीन दिवसांत झालं, तेही नीट. पण रिव्ह्यूचा हा लोंढा कसा आवरायचा? आणि नवी मुलं शिकणार कशी?

उत्तर १

पीआर लहान करा असं सगळे सांगतील. मीही सांगतो, पण नुसत्या तेवढ्याने हजार ओळी पाच तुकड्यांत येतील आणि तुमच्यापुढचा ढीग तेवढाच राहील.

आमच्याकडे असिस्टंट उघडण्याआधी अर्धं पान लिहायचं असतं, स्वतःच्या हाताने. काय बदलतंय, काय अजिबात बदलता कामा नये आणि बिघडलं तर कुणाला त्रास होईल. त्या पानाचा रिव्ह्यू आधी होतो. तुमच्या कामात ‘एका व्यवहाराचे पैसे एकदाच कापले जातील’ एवढं वाक्य कागदावर आलं असतं, तर टेस्ट त्या वाक्याची लिहिली गेली असती. मॉकऐवजी एक छोटा खोटा गेटवे लिहा. त्याने आलेल्या की लक्षात ठेवायच्या, पहिल्या वेळी पैसे कापून उत्तर न देता कनेक्शन तोडायचं. शेवटी पैसे किती वेळा कापले ते मोजायचं. ही एक टेस्ट त्या चौदांना भारी पडली असती.

पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे फक्त लिहिलेला कोड नाही. तो तसा का आहे याची जी समज तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात असते, तीच खरी वस्तू. ती माणसं पांगली की कोड चालत राहतो, पण त्यात शहाणपणाने बदल करणं कुणाला जमत नाही. पूर्वी लिहिता लिहिता ही समज आपसूक तयार व्हायची. आता तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, आणि तो मिळवून देणं हे तुमचं काम आहे.

उत्तर २

मी तीन टीम पाहते. सगळ्या पीआरना सारखाच रिव्ह्यू देऊ नका. पैसे, लॉगिन-परवानग्या आणि डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) यांना दोन माणसं, आणि लेखकाने शेजारी बसून कोड समजावून सांगायचा, असिस्टंट बंद ठेवून. आतल्या वापराच्या स्क्रिप्टला एक नजर पुरे. आणि सगळे रिव्ह्यू तुमच्याकडेच का? सात माणसं आहेत. प्रत्येक मॉड्यूलला दोन जाणकार ठरवून द्या.

वरिष्ठ वेगाबद्दल विचारतीलच. मेटर (METR) या संस्थेने २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांमधली २४६ कामं, काहींमध्ये एआयला परवानगी आणि काहींमध्ये मनाई. काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की एआयमुळे वेळ २० टक्के वाचला. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला होता. माणसं थोडी होती आणि साधनं त्या वेळची, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लावू नका. पण ‘मला पटपट झाल्यासारखं वाटतं’ याला पुरावा म्हणू नये, एवढं त्यातून मी नक्की घेतलं. पीआरची संख्या दाखवणं थांबवा. बदल प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जायला किती दिवस लागले, त्यातले किती मागे घ्यावे लागले आणि बिघाड किती वेळात सावरला, हे दाखवा.

उत्तर ३

मला नोकरीला दोन वर्षं झाली. तुमच्या त्या मुलाच्या जागी मी होतो, म्हणून लिहितोय.

शेजारचा दिवसाला दोन टिकीटं (नेमून दिलेली कामं) बंद करतो. मी कोड समजून घेत बसलो तर माझं एकच होतं आणि स्टँडअपला, टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ते सगळ्यांसमोर दिसतं. ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणायची सोय नसते, कारण टेस्ट हिरव्या असताना कळायचं काय राहिलं, असा सूर असतो. माझ्या लीडने एक केलं. प्रॉडक्शनमधला बिघाड शोधताना ती मला सोबत बसवते. आधी मी अंदाज सांगायचा, मग लॉग बघायचा, असिस्टंट सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा एक डेडलॉक (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकणं) शोधायला साडेतीन तास लागले. तिला वीस मिनिटं पुरली असती, पण तिने कीबोर्ड मागितला नाही. त्या साडेतीन तासांत डेटाबेसबद्दल जेवढं कळलं, तेवढं आधीच्या सहा महिन्यांत कळलं नव्हतं. तुमच्या मुलाला ते रिट्रायचं काम परत द्या. दुसऱ्या कुणाला दिलंत तर तुमचा मुलगा पुढच्या वेळी काही विचारणारच नाही.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे थांबून लिहितेय.

अर्ध्या पानाची पद्धत सुरू केली. पहिल्या आठवड्यात दोघांनी ते पानही असिस्टंटकडून लिहून घेतलं, दोन पानं भरून. मी रागावले नाही, शेजारी बसून दोघांकडून चार-चार ओळी लिहून घेतल्या. आता पैशांच्या कोडचे पीआर सरासरी तीनशे ओळींवर आलेत. जाणकारांच्या जोड्याही ठरल्या, पण परताव्याच्या मॉड्यूलला दुसरा माणूस अजून सापडलेला नाही.

उत्तर ३ वाचून त्याच संध्याकाळी त्या मुलाशी बोलले. रिट्रायचं काम त्यालाच परत दिलं. खोटा गेटवे त्याने स्वतः लिहिला आणि पहिल्याच दिवशी त्यामुळे आमच्या कोडमध्ये आणखी एक चूक सापडली: टाइमआउट झाल्यावर आम्ही व्यवहाराची नोंद ‘अयशस्वी’ अशी करत होतो. पैसे मात्र कापलेले असू शकतात. तो कोड तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेला, कोणत्याही असिस्टंटशिवाय. त्याने मला विचारलं, इथे ‘अयशस्वी’ का? मी सांगू शकले नाही. आम्ही दोघांनी मिळून ‘अनिश्चित’ अशी नवी अवस्था जोडली, आणि दर दहा मिनिटांनी गेटवेला विचारून ती निकाली काढणारा जॉब तो आता लिहितोय.

वरिष्ठांशी बैठक गुरुवारी आहे. पीआरची संख्या जवळपास अर्ध्यावर आलीय, ते विचारणारच. मागे घ्यावे लागलेले बदल काढून ठेवलेत, पण तीन आठवड्यांचे आकडे फारच थोडे आहेत. उत्तर २ वाल्या ताई, तुम्ही पहिल्या बैठकीत काय दाखवलं होतं?