मदत हवी आहे: अर्ध्या थ्रॉटलला इंजिन अडखळतं, कार्ब्युरेटरची नीडल उचलू की पायलट जेट बदलू?

मंडळी, कार्ब्युरेटरवाल्यांनी जरा डोकं लावा. ऑफ-रोडची चारचाकी एटीव्ही आहे, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. मोकळा सायलेन्सर बसवला, एअरबॉक्सचं झाकण काढलं. हवा वाढली म्हणून मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) 140 चा 150, म्हणजे मोठा, केला. फुल थ्रॉटलला आता गाडी मस्त ओढते, प्लगही छान तपकिरी निघतो, म्हणजे मेन जेटला हात लावायची इच्छा नाही.

गडबड मधेच आहे. पाव ते अर्ध्या थ्रॉटलला इंजिन अडखळतं आणि सोडला की सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येतो. चोक अर्धा ओढून चालवली तर अडखळणं जवळपास जातं, म्हणून मिश्रण पातळच आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी) असं मला वाटतं. नीडलची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) क्लिप सध्या मधल्या खाचेत आहे. एक खाच खाली घेतली की नीडल वर येईल आणि पेट्रोल वाढेल, हे ठीक. पण फट्‌फट् पायलट जेटमुळे (आयडल आणि कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा छोटा जेट) असेल तर? की एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय? जोडावर काजळी मात्र कुठे दिसत नाही.

अजून एक. खडी चढण आली की आयडल डळमळतं. हे जेटच्या मापांचं नसून फ्लोटच्या (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) उंचीचं असावं, नाही का?

आधी काय बदलू? एका वेळी एकच गोष्ट बदलणार आहे, नाहीतर कशाने काय झालं कळायचं नाही. 'कार्ब्युरेटर काढून सरळ फ्युएल इंजेक्शन लाव' हा सल्ला कृपया नको!