पॉवरट्रेनचे मॉडेल: समीकरणांतून की ब्लॉकमधून?

चाकणकर: आमच्या विभागात हायब्रिड गाडीच्या पॉवरट्रेनचे (इंजिन-मोटरपासून चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या यंत्रणेचे) संगणकी मॉडेल नव्याने बांधायचे आहे, आणि ते मॉडेलिकासारख्या, घटकांची समीकरणे लिहून ते एकमेकांना जोडण्याच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेतच बांधावे, असे माझे ठाम मत आहे. या भाषेत दोन शाफ्ट जोडले की कोन समान राहतो आणि टॉर्कची बेरीज शून्य होते; कोणती राशी आत येते व कोणती बाहेर जाते, हे कंपायलर ठरवतो. ब्लॉक-पद्धतीत, म्हणजे प्रत्येक ब्लॉकचे इनपुट-आउटपुट आधीच ठरवून देण्याच्या पद्धतीत, मात्र मोटर गिअरबॉक्सच्या अलीकडून पलीकडे नेली, की तिचे जडत्व गिअर गुणोत्तराच्या वर्गाने गुणून किंवा भागून कुठे मिळवायचे, याचा हिशेब हाताने पुन्हा मांडावा लागतो. ऑब्जेक्टची कल्पना मुळात सिम्युलेशनसाठीच सिम्युला या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतून आली, हे आपण विसरतो.

कोथरूडचा टेस्टवाला: आपला मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण क्लच घ्या. तो घसरतो तेव्हा दोन्ही बाजूंचे वेग वेगळे असतात, लॉक झाला की एक होतात, आणि नेमक्या त्या क्षणी सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) अडखळतो. अशा वेळी चूक नेमकी कुठे आहे, हे आपण न लिहिलेल्या समीकरणांच्या जंजाळात शोधावे लागते. शिवाय वारशाने आलेल्या (एका साच्यावरून दुसरा साचा करत गेलेल्या) क्लासच्या पाच पायऱ्या उतरल्याशिवाय एक साधी एफिशियन्सी सापडत नाही. इंधनखपतीचा आकडा तर टेस्ट बेडवरून आलेल्या मॅपइतकाच (प्रत्यक्ष मोजमापांच्या तक्त्याइतकाच) खरा असतो. आणि ती खपत ज्या ठरावीक वेग-आराखड्यावर मोजतात, त्या इंडियन ड्रायव्हिंग सायकलच्या सुधारित आवृत्तीत कमाल वेग ताशी ९० किमी आहे. तेवढ्यासाठी हा सगळा डामडौल कशाला?

चाकणकर: खपतीपुरते पाहिले तर मान्य. पण क्लच जोडतानाचा झटका आणि ड्राइव्हलाइनचे कंपन मॅपमधून दिसत नाही. आणि वारशाच्या पाच पायऱ्या हा भाषेचा दोष नाही, लायब्ररी लिहिणाऱ्याचा आहे.

हिंजवडी_कंट्रोल्स: कंट्रोलर ब्लॉकमध्येच राहू द्या, त्याला इनपुट-आउटपुटची दिशा असतेच, यंत्र मॉडेलिकात लिहा आणि एफएमआयने (वेगवेगळ्या साधनांतली मॉडेल्स एकत्र चालवण्याच्या पद्धतीने) जोडा. २०१० पासून हे मानक आहे.

कोथरूडचा टेस्टवाला: जोडा, पण कापायचे कुठे, ते आधी ठरवा. कडक शाफ्टवर मॉडेलचे दोन तुकडे केलेत, तर एका स्टेपचा (गणनेच्या एका टप्प्याचा) उशीर खोटी ऊर्जा निर्माण करतो आणि नसलेले कंपन दिसू लागते. सिग्नल जिथे खरोखर वायरीतून जातो, म्हणजे टॉर्कची मागणी किंवा सेन्सरचे वाचन, तिथे कापणार असाल तर माझी हरकत नाही. तरीही क्लचचे मॉडेल मला आधी एकट्याचे चालवून दाखवावे.