विहिरीच्या पाण्याला थिनरचा वास येऊन राहिला, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू का?

बेसाकर
नमस्कार मंडळी. नागपूरला बेसा साइडला घर आहे, मागे आजोबांच्या वेळची विहीर, पाणी प्यायला पण तेच. घर रंगवून घेतलं तर पेंटरने ऑइलपेंटचे ब्रश थिनरमधे धुतले आन् ते सगळं विहिरीच्या कठड्यालाच ओतून दिलं, दगडांच्या फटीतून गेलं खाली. आता बादलीत वास येतो, वर रंगीत तवंग. आई म्हणते टीसीएल टाक, होऊन जाईल साफ. शेजारचे काका म्हणतात आरओ आहे ना, टेन्शन कायचं. घरात चार महिन्यांचं बाळ आहे म्हणून विचारून राहिलो.

उपसा_स्पेशालिस्ट
भाऊ टीसीएल जंतू मारायला असते, थिनरचं ते काहीच वाकडं करत नाही. उकळू पण नका, वाफ घरभर होईल. आरओच्या भरवशावर तर बिलकुल राहू नका, थिनरसारखे सॉल्व्हंट आरओच्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे गाळायच्या पडद्यातून, थोडेफार निघून जातात.
थिनर पाण्यापेक्षा हलका, वर तरंगतो, आन् मोटरचा फूटव्हॉल्व (पाणी ओढणारं पाइपचं टोक) राहतो खाली. म्हणजे दिवसभर मोटर चालवली तरी खालचं चांगलं पाणी जाईल आन् तवंग पातळीसोबत उतरत उतरत दगडांना चिकटत बसेल. आधी वरचा थर दोर-बादलीने काढा, मग उपसा. कठड्याजवळची भिजलेली माती पण खणून काढा, नाहीतर पाऊस पडला की परत विहिरीत. आणि काही झालं तरी खाली माणूस उतरवू नका, वाफेने चक्कर येऊन पडतो माणूस.

मनीषनगरची_काकू
थिनर निदान वास तरी देतो रे बाबा. सेप्टिक टँक विहिरीपासून किती दूर आहे ते आधी सांग. शोषखड्डा, म्हणजे टँकचं पाणी जिरवायचा खड्डा, पिण्याच्या विहिरीपासून 18 मीटर तरी पाहिजे असं आयएस 2470 या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकामधे आहे, म्हणजे जवळपास 60 फूट, आणि आपले प्लॉट 30 बाय 50 फुटांचे! शेजाऱ्याचा खड्डा तुझ्या भिंतीला लागून असला की संपलं. आपल्याकडे खाली खडक, पाणी भेगांतून सरळ धावते, गाळल्या जात नाही. त्यात लोक संडासात अ‍ॅसिड, फिनाईल, ब्लीचिंग ओततात, टँकमधले जीवाणू मरतात आणि घाण तशीच बाहेर. त्या घाणीतून पाण्यात नायट्रेट येते, त्याला ना वास ना रंग, 45 मिलीग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की तान्ह्या बाळाला धोका, आणि उकळलं तर अजून घट्ट होते. बाळाच्या दुधाला हे पाणी नकोच.

लॅबवाला
काकू बरोबर. भूजल सर्वेक्षणच्या लॅबमधे नायट्रेट होऊन जाईल, पण पाण्याच्या नेहमीच्या रिपोर्टमधे थिनर येतच नाही, ते वेगळं सांगावं लागते, होते का ते आधी विचारा. त्याचं सॅम्पल काचेच्या बाटलीत, काठोकाठ, हवा न ठेवता. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत आणू नका राजेहो.

बेसाकर
धन्यवाद सगळ्यांना. प्यायला सध्या कॅन मागवले. काकू, आमचा टँक समोर आहे पण शेजारचा खड्डा विहिरीपासून वीसेक फूटच असेल, आणि आरओवाले काका तेच 😅 त्यांना कसं सांगू ते सांगा आता.

मनीषनगरची_काकू
रिपोर्ट येऊ दे आधी. त्यांची पण बोअर असेल ना, त्यांचं सॅम्पल सोबतच ने.